पंचेचाळीस फूट खाली

सोमवार, दुपार

प्रिय मास्तरीणबाई,

गुरुवारी दुपारी तीन वाजता न्यायालयाजवळच्या तळावर पाहुण्यांच्या रांगेत माझ्यासाठी जी खुर्ची ठेवली आहेस, ती दुसऱ्या कुणाला तरी दे. मी येणार नाही. तुझ्या कंपनीचं जाड, गुळगुळीत आमंत्रण पोचलं. तुझ्या आईने ते कपाटाच्या काचेत अडकवलंय आणि कपडे दुरुस्तीला घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती ते वाचून दाखवते. शहरातली पहिली चालकाशिवाय उडणारी टॅक्सी, आणि तिच्यात बसणाऱ्या पहिल्या तीन माणसांत आमची मुलगी. काल एक बाई पँटची चेन बदलून घ्यायला आली होती, ती अर्धा तास ऐकत उभी राहिली, बिचारी. मीही ते आमंत्रण चार वेळा वाचलं आणि चारही वेळा छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण टाळ्या वाजवायला मी येणार नाही. का, ते फोनवर सांगायला गेलो तर तू म्हणतेस, 'बाबा, नंतर बोलू.' कागदाला असं म्हणता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुला वाटत असेल, मला तुझ्या यंत्राचा राग आलाय. तळावर सगळ्यांना तसंच वाटतं. आमचा बुटका तर चहाच्या टेबलावर रोज एकच पालुपद लावतो, की चार वर्षं आपण उडवून दाखवलं, त्या यंत्राने गुपचूप बघून घेतलं, आणि आता कानामागून आलं आणि तिखट झालं. गेल्या आठवड्यात तळाच्या साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, आता काय, लेक नाव काढतेय, तुम्ही आराम करा. आराम करा म्हणणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. मी चोपन्न वर्षांचा आहे, माझा रक्तदाब त्या साहेबांपेक्षा बरा आहे आणि बॅटरीचा आकडा मी अजून चष्म्याशिवाय वाचतो. पण राग म्हणशील तर तो यंत्रावर नाही. सव्वीस वर्षं चार चाकांवर काढून आम्ही आठ पंख्यांवर चढलो, तेव्हा स्टँडवर मागे राहिलेले लोक आम्हालाही हेच म्हणाले होते. जग पुढे जातं. ते अडवायला मी काही रस्त्यात आडवा पडणार नाही.

आणि मला उडत्या टॅक्सीच्या चालकाच्या खुर्चीवर चढवलं कुणी? तूच ना. शहर ओळखणारे चालक हवेत, अशी कंपनीची जाहिरात आली, तेव्हा मी हसून पेपर घडी घालून ठेवला होता. तू तो उघडलास. तुझं इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष होतं, स्वतःचा अभ्यास सोडून रविवारी सकाळी मला घेऊन बसायचीस. एरवी सगळं जमलं, हवामानाच्या पेपरात मात्र मी दोनदा आपटलो. वारा कुठून कसा येईल, ते चार पर्यायांतून निवडायचं. मी म्हणायचो, वारा अंगाला लागला की कळतो, त्यात निवडायचं काय? तू म्हणायचीस, बाबा, परीक्षेला अंग नेत नाहीत, पेन नेतात. चुकलं की फूटपट्टी टेबलावर आपटायचीस. साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझी पन्नाशीतच गेली, असं म्हणून मी उठायला लागलो की दारात आडवी उभी राहायचीस. तिसऱ्या खेपेला एकाहत्तर गुण पडले. तेव्हापासून तू मास्तरीणबाई. त्या दिवशी तू रडलीस आणि मी हसलो, आणि नंतर न्हाणीघरात जाऊन मीही रडलो, हे तुला आज पहिल्यांदा सांगतोय.

आमच्या एका स्टँडवरून आम्ही तेराजण पास झालो. आमच्या पहिल्या महिन्याच्या गमती तुला ठाऊक आहेत. सगळ्यांचा उजवा अंगठा सारखा हॉर्न शोधायचा. समोर कावळा दिसला तरी अंगठा जायचा, आणि तिथे तर नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी वैतागून प्रत्येकाच्या दांड्यावर एकेक रबरी गुंडी चिकटवून दिली, की दाबा काय दाबायचं ते. ती कशालाच जोडलेली नव्हती, पण ती दाबली की आम्हाला बरं वाटायचं. तुझं यंत्र आमच्या हातांच्या नोंदींवरून शिकलं. त्या गुंडीची नोंद होत नाही हे तुमचं नशीब, नाहीतर तुझं यंत्रही कावळ्यांना हॉर्न देत फिरलं असतं.

पण ज्याची नोंद होते, अशीही एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हा कागद आहे. न्यायालयाच्या तळावरून विमानतळाकडे निघालं की तीन मिनिटांनी त्या दोन काचेच्या इमारती लागतात. दोघींच्या मध्ये जेमतेम गल्लीएवढी फट. आमची ठरलेली रेषा त्या फटीच्या समोरून जाते, दोनशे फुटांवरून. सकाळी तिथे काही नसतं. पण दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तो त्या फटीतून जो निसटतो, तो थेट कुशीत येऊन आदळतो. दोन सेकंद, फार तर तीन. आला तर येतो, नाही तर महिनाभर येत नाही. तुमचे वारा मोजणारे डबे त्या इमारतींच्या गच्चीवर बसवलेत. गच्चीवर सगळं शांत, आणि खाली फटीत हा प्रकार. बुटक्याची एक आत्या होती म्हणे, ती येता-जाता लाडाने पाठीत असा धपाटा घालायची की पोरगं दोन पावलं पुढे जायचं. म्हणून आम्ही त्या जागेला आत्याबाई म्हणतो. आज आत्याबाई घरी आहे का, असं दुपारी तळावर आम्ही एकमेकांना विचारतो, आणि साहेबांना वाटतं, काय घरोबा आहे या लोकांचा.

आत्याबाईची आणि माझी पहिली भेट दुसऱ्याच महिन्यात झाली. बुधवार होता, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. मागे एकच प्रवासी, दातांची डॉक्टर, मांडीवर दातांच्या साच्यांचा खोका. धपाटा आला. शिकवल्याप्रमाणे मी रेषा धरून ठेवायला गेलो, पंखे जीव तोडून फिरायला लागले, आणि डाव्या बाजूच्या मागच्या दोघांनी बॅटरीतून इतकी वीज ओढली की यंत्रणेने आपणहून त्यांना बंद केलं, घरात फ्यूज उडावा तसं. टॅक्सी एका कुशीवर गेली आणि खाली जायला लागली. तीन सेकंदांत एकशे दहा फूट. मी रेषेचा नाद सोडला, वाऱ्याशी भांडणं सोडलं आणि तिला खाली जाऊ दिलं, तेव्हा जुन्या गोदामाची ती उंच भिंत आहे ना, तिच्या आडोशाला वारा तुटला आणि ते दोन पंखे परत फिरायला लागले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, हे असंच असतं, लिफ्टसारखं. तळावर उतरल्यावर आम्ही दोघांनी सीटखाली ओणवं होऊन दात गोळा केले. त्या हसत होत्या. मी दात खोक्यात भरले आणि आधी जाऊन ते दोन पंखे हाताने फिरवून बघितले.

पन्नास फुटांपेक्षा जास्त रेषा सुटली की लाल शेरा बसतो आणि कारण लिहून द्यावं लागतं. मी लिहिलं, पक्षी आडवा आला, बाकी निरंक. तीन शब्दांच्या जागी मी खरं लिहायला हवं होतं आणि मी पक्षी उडवला. का, ते तुला माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर ऐक. माझं लग्न व्हायच्या आधी मी एका मालकाची गाडी चालवायचो. एकदा त्याला जाऊन सांगितलं, ब्रेक नीट लागत नाहीत. तो म्हणाला, तुला दाबता येत नाहीत, नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हातात, आणि मी दहा दिवस घरी. स्टँडवरच्या प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा आहे. तेव्हापासून आमच्यात अलिखित नियम आहे, की गाडीचं दुखणं मालकाच्या कानावर घालू नये, स्वतः गिळावं आणि सांभाळून चालवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही जमिनीवरून वर गेलो, पण ही मूठ तशीच झाकलेली घेऊन गेलो.

आणि मी एकट्यानेच गिळलं असतं तर ठीक होतं. मी बाकीच्या बाराजणांनाही शिकवलं. आत्याबाईच्या जरा अलीकडे वेग कमी करायचा आणि पंचेचाळीस फूट खाली जायचं, गोदामाच्या भिंतीच्या आडोशाला. पंचेचाळीसच, कारण पन्नासला लाल शेरा. चहाच्या टेबलावर कप आणि बशी घेऊन मी त्यांना तो उतार दाखवला होता. चार वर्षं झाली, तेराजणांच्या हजारो फेऱ्या झाल्या, एकाही प्रवाशाला कधी ओरखडा गेला नाही. त्या उताराची मला शरम नाही, हे नीट वाच. उद्या मला शंभर साहेबांसमोर उभं केलंस तरी मी सांगेन, उतरलो ते बरोबर केलं, आणि परत संधी मिळाली तर परत उतरेन. शरम आहे ती शेऱ्याच्या रकान्याची. चार वर्षं रोज तिथे निरंक लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात.

आता गेल्या शुक्रवारची गोष्ट. तळाच्या फळ्यावर एक यादी लागली. चालकांच्या नोंदींत एकाच जागी विनाकारण खाली उतरण्याची खोड आढळली, ती यंत्राच्या शिकवणीतून काढून टाकण्यात आली आहे, संबंधितांनी खुलासा करावा. खाली बारा क्रमांक. बाराही जणांनी खुलासा दिला, सवय. वारा म्हणून कुणीच लिहिलं नाही, कारण वारा लिहिला तर पुढचा प्रश्न येणार, मग चार वर्षं सांगितलं का नाही, आणि धोका लपवणाऱ्याचा परवाना जातो. सवयीला नुसती समज मिळते. बारा शहाणी माणसं रांगेने उभी राहून सवय लिहून आली. मी फळ्यासमोर उभा होतो. बारा क्रमांक होते आणि तेरावा नव्हता. बुटका माझ्याकडे बघून म्हणाला, आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, चालू द्या. चेष्टेत म्हणाला, पण नंतर दिवसभर माझ्या टेबलावर बसला नाही.

पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. मग वाटलं, हे कसं शक्य आहे? तो उतार माझा, सगळ्यात जास्त वेळा उतरलो तो मी, आणि यादीत मीच नाही? साहेबांना जाऊन विचारलं. ते डोळा मिचकावून म्हणाले, तुमच्या नोंदी वरूनच बाद झाल्यात, अगदी सुरुवातीपासूनच्या. सदोष म्हणून. सही तुमच्या लेकीची आहे, नशीबवान आहात. मी हो म्हणालो आणि जिना उतरून खाली आलो. चार्जिंगच्या खांबाला टेकून सगळ्या नोंदी डोक्यात उलटल्या. माझ्या नोंदीत तो बुधवार आहे. तीन वाजून दहा मिनिटं, दोन पंखे बंद, तीन सेकंद, एकशे दहा फूट. आणि शेजारच्या रकान्यात माझ्या अक्षरात पक्षी. पक्ष्यामुळे दोन पंखे एकदम बंद होऊन तीन सेकंदांनी परत सुरू होत नाहीत, हे कळायला इंजिनियर लागत नाही. आणि तू तर इंजिनियर आहेस.

तर तू बघितलंस. बघितलंस, तुला कळलं, आणि बापाचा परवाना जाईल म्हणून तू बापाला सगळाच्या सगळा पुसून टाकलास. माझी नोंद गेली, आणि तिच्याबरोबर आत्याबाई आहे याचा एकुलता एक पुरावाही गेला. उरले ते बारा वेडे, जे उगीचच पंचेचाळीस फूट खाली जातात. मग त्यांची खोड काढून टाकायला कुणाची हरकत असणार? शनिवारभर मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की तुझ्या आईने मला दोनदा दुकानाबाहेर काढलं. तुला कुणी सांगितलं होतं मला वाचवायला? मला विचारलंस? मी तुझा बाप आहे, तुझ्या टेबलावरची सदोष नोंद नाही. सव्वीस वर्षं रस्त्यावर, चार वर्षं हवेत, मी माझी चूक माझ्या खांद्यावर घेऊन चालू शकत नाही, इतका म्हातारा कधी झालो? रविवारी मात्र राग उतरला आणि त्याच्या खालचं दिसलं. गिळायचं आणि सांभाळून चालवायचं, हे तू शाळेत शिकली नाहीस. घरी शिकलीस. मला हवामानात नापास राहू दिलं नाहीस, आणि मी तुला नको ते शिकवून पहिल्या नंबराने पास केलं.

आता गुरुवारचं. वेळ दुपारी तीन. या दिवसांत तीनला वारा पश्चिमेचाच असतो, हे एकाहत्तर गुणवाल्यालाही माहीत आहे. यंत्राला तुम्ही सांगितलंय, रेषा सोडायची नाही, एक फूटही नाही. त्या बुधवारी आधी मी नेमकं तेच केलं होतं. फरक इतकाच की मला भीती वाटली आणि मी सोडून दिलं. त्याला भीती वाटेल का? तू म्हणशील, आत्याबाई रोज येत नाही. बरोबर आहे, गुरुवारी ती येणारही नाही कदाचित. शुक्रवारी येईल, पुढच्या महिन्यात येईल, मागे कुणीतरी मांडीवर खोका घेऊन बसलेलं असेल आणि पुढची खुर्ची रिकामी असेल. मला आणखी एक विचारायचंय. पहिल्या फेरीला बसायचं ठरलं तेव्हा तूच हात वर केलास, असं तुझी आई कौतुकाने सांगते. हिशेब जुळत असता तर तू खाली उभी राहून पडद्यावर आकडे बघत बसली असतीस, मी तुला ओळखतो. तुला खात्री नाही, म्हणून तू बसतेयस. परक्या माणसांना एकटं बसवणं तुझ्या जिवाला पटत नाही. चांगल्या मनाची आहेस, पण पोरी, धपाट्याला मन कळत नाही.

आज मी कामावर गेलो नाही. सकाळी दहाला परवाना कार्यालयात जाऊन माझा परवाना जमा केला. खिडकीतल्या बाई गोंधळल्या. नूतनीकरणाचा अर्ज आहे, हरवल्याचा आहे, आपणहून परत करणाऱ्याचा नाही. मग कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर सगळं लिहिलं. बुधवार, तीन वाजून दहा मिनिटं, दोन पंखे, तीन सेकंद, पक्षी नव्हता. फट, गोदामाची भिंत, पंचेचाळीस फूट. बाकीचे खाली उतरले ते मी शिकवलं म्हणून, हेही लिहिलं, आणि त्यांची नावं लिहिली नाहीत. तुझं नाव लिहिलं नाही. तुझी सही तुझी आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. शिक्क्याची प्रत या पत्रासोबत आहे, दुसरी प्रत तुझ्या कंपनीत उद्या पोचेल, म्हणून तुझ्या आईला आजच तुझ्याकडे पाठवतोय. तिने इथवर वाचलंय. ती एवढंच म्हणाली, की मी समोर बसून राहीन, तिला पूर्ण वाचू दे. तू माझी नोंद पुसलीस ती माझा परवाना वाचावा म्हणून, हो ना? तो आता कार्यालयाच्या कपाटात आहे, त्यावर आडवी रेघ मारलेली मी स्वतः बघितली. तुझ्याकडे लपवण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. तेव्हा माझी नोंद जागेवर ठेव, गुरुवार पुढे ढकल, आणि त्या यंत्राला खाली उतरायला शिकव. लोक हसतील, साहेब ओरडतील, ओरडू देत. वाचवायला आता एकच माणूस शिल्लक आहे, आणि गुरुवारी तीन वाजता ती त्या टॅक्सीत बसणार आहे.

तुझाच, आणि कुणाच्याही दयेवर न उडणारा,
बाबा